साहेबांच्या कूलरमधले खेकडे

खेकडे मंगळवारी आले आणि पाहुणे गुरुवारी यायचे होते. महिना मे, गाव जळगाव. आता बोला!

ज्यांनी मे महिन्यातलं जळगाव पाहिलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो. पंखा लावला तर चुलीवरून वारा घेतल्यासारखं वाटतं. माणसं अंगावर ओला टॉवेल टाकून पडून राहतात. अशा गावात चिखलात वाढलेलं, ओलाव्यावर जगणारं जनावर दोन दिवस जिवंत ठेवायचं होतं. आणि ते काम माझ्या गळ्यात होतं.

मी तेव्हा एका तेल कंपनीच्या गेस्ट हाऊसची मॅनेजर होते. गोष्ट नव्वद सालच्या आसपासची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून चालू आहे. मॅनेजर म्हटलं की लोकांना टेबल-खुर्ची दिसते. माझ्या वाट्याला धोब्याकडच्या चादरी, टाकीतलं पाणी, पाहुण्यांचे नखरे आणि वाणी साहेब एवढं सगळं होतं.

वाणी साहेब आमचे अॅडमिन ऑफिसर. माणूस वाईट नव्हता, पण हात आखडता आणि सोवळं कडक. त्यांच्या आई, म्हणजे घरच्या आक्का, त्यांच्यापेक्षाही कडक. साहेब एकदा अंड्यांच्या ट्रेजवळून चालत गेले होते. ते कोणीतरी आक्कांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी साहेबांना दारातच उभं करून डोक्यावरून घागर ओतली होती. भर दिवाळीत. साहेबांच्या केबिनमध्ये फोन वाजला आणि पलीकडे आक्का असल्या, तर साहेब उभे राहून बोलायचे.

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. गेस्ट हाऊसचं किचन शुद्ध शाकाहारी करायचं. पहिलं पाऊल म्हणून नॉनव्हेजचा जुना फ्रिज त्यांनी भंगारात काढलाही होता. दुसरं पाऊल म्हणजे युसुफभाई.

युसुफभाई आमचे कुक. गेस्ट हाऊसच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हापासूनचे. त्यांच्या हातचं काळ्या मसाल्याचं मटण खाऊन पाहुणे मुक्काम वाढवून घ्यायचे. पण किचन शाकाहारी झालं की त्यांची जागाच उरत नव्हती. व्हेजसाठी दुसरा महाराज होताच. युसुफभाई मला म्हणायचे, “बाई, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? आणि मला तरी करमेल का?” मला फार वाईट वाटायचं. मी साहेबांशी दोनदा भांडले, पण भांडून साहेब ऐकणाऱ्यांतले नव्हते.

तेवढ्यात परब साहेब उपटले.

कंपनीत नवीन बॉयलर आला होता. तो चालू करून द्यायला मुंबईहून जे इंजिनियर यायचे ते हे परब. मूळचे मालवणकडचे. मार्चमध्ये एकदा येऊन गेले होते. नॉनव्हेजचा फ्रिज तेव्हा नुकताच गेला होता, त्यामुळे महाराजाने त्यांना सलग शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत, पुन्हा शेवभाजी असं खाऊ घातलं. वाईट काहीच नव्हतं. पण ज्याची जीभ माशावर वाढली त्याला हे किती दिवस पुरणार? एके दिवशी पोट बिघडल्याचं सांगून परब जे गेले ते गेले. बॉयलर थंड. मालक रोज साहेबांना विचारणार, “काय हो वाणी, पेटला का?”

शेवटी साहेबांनीच परबांना फोन लावला. फोन ठेवून मला आत बोलावलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

“सोनवणे बाई, आपल्याकडे खेकडे मिळतात का हो?”

“मिळतात की. तापीला मिळतात.”

“परब म्हणतात, खेकडे असतील तर येतो आणि बॉयलर पेटेपर्यंत हलत नाही.”

“मग आणते.”

“आणा. पण मला ते दिसता कामा नयेत. त्यांचा वास येता कामा नये. आणि किचनच्या बाहेर त्यांचं नाव निघता कामा नये.”

“बरं. आणि युसुफभाईंचं?”

साहेब जरा घुटमळले. “परब राहिले, बॉयलर पेटला, तर बघू. परब परत गेले तर मात्र एक तारखेपासून सगळं शाकाहारी. युसुफला कल्पना देऊन ठेवा.”

म्हणजे एका माणसाची भाकरी खेकड्यांवर आली होती.

आता खेकड्यांचं थोडं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. खेकडा जिवंत असतानाच शिजवायला घ्यायचा असतो. मेला की त्याचं मांस लगेच बिघडायला लागतं, आणि बिघडलेला खेकडा पोटात गेला तर माणूस आडवा होतो. मासा बर्फावर ठेवतात तसा मेलेला खेकडा ठेवून चालत नाही. तो कधी मेला हे आपल्याला कुठे माहीत असतं? त्यामुळे आमच्या धंद्यात नियम एकच. हलत असेल तर पातेल्यात, हलत नसेल तर उकिरड्यावर.

आणि तापीचे खेकडे आणायचे तर नदीत मासे धरणाऱ्या भोयांकडून. जनाआक्का भोईण मंगळवारीच यायची. बुधवारी, गुरुवारी ये म्हटलं तर म्हणाली, “मी काय तुना कंपनीनी नोकर शे का?” तिचंही बरोबर होतं. मंगळवारी सकाळी तिने मागच्या दाराला डोक्यावरची पाटी उतरवली. वरचा ओला पाला बाजूला केला तर खाली काळेभोर, चकचकीत खेकडे.

“ले ताई. बठ्ठा जित्ता शेतस. पानीमा नको टाकजो, मरी जातीन.”

सगळे जिवंत आहेत, पाण्यात टाकू नको, एवढं सांगून ती गेली. मी भाजीच्या हिशोबाला आत गेले आणि परत येऊन बघते तर युसुफभाईंनी सगळे खेकडे टबात टाकून वर बादलीभर पाणी ओतलेलं.

“युसुफभाई! हे काय केलंत?”

“पानी का जानवर है ना बाई. पानीत नाही तर काय, गादीवर ठेवू?”

यात त्यांचा काही दोष नव्हता. युसुफभाई मटणाचे माणूस. खेकडा त्यांच्या घरात कधी आलेला नाही, ते खातही नाहीत. मला त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं, “पकवीन, पण चाखणार नाही. मीठ तुम्ही बघायचं.” आणि खरं सांगायचं तर ते खेकड्यांना भीत होते. बकऱ्याचा पाय एका घावात तोडणारा माणूस, पण टबापासून चार हात लांब उभा.

मी पटापट पाणी ओतून दिलं. खेकडा माशासारखा कल्ल्यांनीच श्वास घेतो. पण त्याचे कल्ले ओले राहिले तर त्याला उघड्या हवेतही श्वास घेता येतो. उलट टबातल्या थोड्याशा साचलेल्या पाण्यात दाटीवाटीने कोंबला, तर पाण्यातली हवा सगळे मिळून संपवतात आणि पाण्यात असून गुदमरून मरतात. लोकांना हे खोटं वाटतं. मला लहानपणापासून माहीत, कारण आमचं गाव यावलकडे, नाल्याच्या काठावर. माझी आई खेकडे आणायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या माठाखालच्या वाळूत ठेवून द्यायची. तिथे सावली, गारवा, ओल, आणि हवाही खेळती. दोन दिवसांनी गोणपाट उघडलं तरी पठ्ठे नांग्या उगारून तयार असायचे.

म्हणजे मला ओलावा, गारवा आणि हवा पाहिजे होती. तिन्ही एका जागी. जळगावात. मे महिन्यात.

फ्रिज बघितला. एकच उरलेला, तो शाकाहारी. त्याला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला. मिळाली असती तरी उपयोग नव्हता, बंद फ्रिजमध्ये खेकडे थंडीने गारठून मेले असते. बर्फाच्या लादीवर ठेवले तर वितळलेल्या पाण्यात बुडून मेले असते. मागचं बाथरूम बघितलं, त्यावर पत्रा. आत पापड वाळवता आले असते. माठ होता एकुलता एक, तो बाहेर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

मी व्हरांड्यात घाम पुसत उभी होते. समोर साहेबांच्या केबिनची मागची खिडकी. त्या खिडकीत लोखंडी स्टँडवर त्यांचा कूलर घरघरत होता.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडचा कूलर म्हणजे कपाटाएवढा पत्र्याचा डबा. खिडकीबाहेर बसवतात. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, म्हणजे वाळ्याच्या मुळांचे पडदे. खाली पाण्याची टाकी. छोटा पंप ते पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून सारखं झिरपत राहतं. मधला पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि गार करून खोलीत सोडतो. सावली, ओल, गारवा, खेळती हवा. आईचा माठच, फक्त विजेवर चालणारा.

रिकाम्या खोल्यांचे कूलर साहेबांनी पाणी वाचवायला बंद ठेवायला लावले होते. अख्ख्या गेस्ट हाऊसमध्ये दिवसभर चालणारा कूलर एकच होता.

मी युसुफभाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या नजरेचा रोख बघितला.

“नाही बाई. तौबा तौबा. साहेबांच्या कूलरमध्ये?”

“साहेबांनीच सांगितलंय, दिसता कामा नयेत. स्वतःच्या कूलरच्या आत कोण बघतं?”

दुपारी साहेब जेवायला घरी गेले आणि आम्ही कामाला लागलो. युसुफभाईंची एकच अट. आधी नांग्या बांधा, मग मी जवळ येतो. बांधायचं कशाने? जळगावात हा प्रश्नच पडत नाही. केळीचं सोपट. केळीच्या खोडाच्या सालीच्या पट्ट्या. फुकट मिळतात, भाजीची जुडी बांधा, फुलांचा हार बांधा, गाईचं दावं तुटलं तर तेही बांधा. ताजं, रसरशीत सोपट आणलं. मी एकेक खेकडा मागून पाठीवर धरला, युसुफभाईंनी मान तिसरीकडे वळवून गाठी मारल्या. मग सगळे ओल्या गोणपाटात, आणि गोणपाटाचं तोंडही सोपटानेच आवळलं.

कूलरचा आधी स्विच बंद केला, मग प्लग काढला, मगच हात आत घातला. हे मुद्दाम सांगते, कारण चालू कूलरच्या पत्र्याला हात लावून झटका खाल्लेली माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. टाकीत पाण्याच्या वर राहील अशी एक पाटी पालथी ठेवली आणि तिच्यावर गोणपाट. वास येऊ नये म्हणून जुन्या ताट्या काढून नव्या कोऱ्या वाळ्याच्या बसवल्या. मागची बाजू लावली, प्लग लावला. साहेब परत आले तेव्हा मी केबिनमध्ये टेबल पुसत होते.

साहेब बसले. कूलरची हवा तोंडावर आली. डोळे आपोआप मिटले.

“वा! आज काय सुंदर गार हवा येतेय हो!”

“नवीन वाळा घातलाय साहेब.”

“वासही किती छान. अगदी देवळात बसल्यासारखं वाटतंय.”

मी बाहेर आले ती तोंडात पदर कोंबूनच. युसुफभाई किचनमध्ये माझी वाट बघत होते. मी त्यांना देवळाचं सांगितलं तर ते खाली बसून हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसताना बघितलं मी त्यांना.

एक अडचण होती. साहेब संध्याकाळी जाताना कूलर बंद करून जायचे. बंद कूलर म्हणजे पत्र्याची भट्टी. मी त्यांना म्हटलं, “साहेब, नवा वाळा रात्रभर भिजला पाहिजे. नाहीतर उद्या गरम वाफा येतील.” विजेच्या बिलावरून थोडी कुरकुर केली, पण देवळाची हवा तोंडाला लागली होती. चालू ठेवा म्हणाले.

बुधवारचा दिवस मजेत गेला. साहेबांनी जेवण झाल्यावर खुर्चीत चक्क घोरण्यापर्यंत मजल मारली. दोन क्लार्क काही ना काही निमित्त काढून केबिनमध्ये हवा खायला येत होते. मी दर थोड्या वेळाने मागून जाऊन ताट्यांच्या फटीतून सुक्या काडीने गोणपाट दाबून बघायची. आतून हालचाल. जिवंत. माझा जीव भांड्यात पडायचा.

पण चारच्या सुमाराला साहेबांनी बेल दाबली. “बाई, कूलरमध्ये उंदीर शिरलाय. ऐका. कर्र कर्र कर्र. भास्करला बोलवा.”

भास्कर आमचा वायरमन. मी त्याला गाठून काही सांगायच्या आत तो पाना घेऊन मागच्या बाजूने कूलर उघडूनही मोकळा झाला होता. मी धावत गेले तेव्हा तो हातभर मागे सरकून उभा होता.

“ताई, हाऊ उंदीर नही शे.”

“हळू बोल रे बाबा.”

“गोनीमा काय शे मग?”

सांगितलं. आधी त्याचे डोळे मोठे झाले, मग मिशीतल्या मिशीत हसायला लागला. “साहेबना कूलरमा? आक्काले समजनं तर साहेबले विहिरीमा बुडाडी काढी!”

“नाही समजणार. तू काय सांगणार आहेस साहेबांना?”

“मले ताट भेटी का रस्सानं?”

“भेटी.”

भास्करने हात पुसले, केबिनमध्ये जाऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “साहेब, बेअरिंग वाजतंय. ग्रीस लावलंय. दोन दिवस आवाज येईल, मग बसेल.” इतकं सहज खोटं बोलला की मी त्याच्याबद्दल मनात नोंदच करून ठेवली.

त्या कर्र कर्रकडे मी मात्र लक्ष दिलं नाही. मला वाटलं, हलताहेत. हलताहेत म्हणजे जिवंत. उत्तम. खेकडा चिखलातला पालापाचोळा खाऊन जगतो हे मला माहीत होतं. दोन दिवसांच्या उपाशी खेकड्याला ताजं सोपट म्हणजे काय वाटत असेल, हे डोक्यात आलं नाही. सगळं जळगाव ज्याने गाठी मारतं त्यानेच मीही मारल्या होत्या. आतमध्ये माझ्या गाठींचं जेवण चाललं होतं.

गुरुवारी परब आले. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, रात्रभर प्रवास करून वैतागलेला. सगळ्यात गार जागा म्हणून साहेबांनी त्यांना आपल्या केबिनमध्येच नेलं आणि कूलरच्या तोंडाशी खुर्ची दिली. मी ताकाचे ग्लास घेऊन आत गेले.

परबांनी एक घोट घेतला, थांबले, नाक वर केलं. “हा वास कसला हो?”

साहेब खूश. “वाळा! खास घातलाय.”

“वाळा नाही.” परबांनी पुन्हा हुंगलं. “दुसरं काहीतरी आहे. घरची आठवण येतेय.”

आणि नेमकी तेव्हा लाईट गेली.

पंखा घर्र करत थांबला. पंप थांबला. केबिनमध्ये एकदम शांतता. त्या शांततेत कूलरच्या पत्र्यावर आवाज सुरू झाला. टक. टक टक. टक टक टक.

“बेअरिंग आहे,” साहेब म्हणाले.

मी ट्रे हातात घेऊन कूलरकडे बघत होते. लाईट गेली म्हणजे आत उकडायला लागणार. आणि उकडलं की खेकडा काय करतो? जागा बदलतो. पण ते तर गोणपाटात आहेत, मी मनात म्हणत होते, बांधलेले आहेत, तोंड आवळलेलं आहे.

कूलरच्या पुढच्या झडपांतून एक काळी नांगी बाहेर आली. नंतर दुसरी. दोन्ही मोकळ्या. एका नांगीला केळीच्या सोपटाचा एवढासा तुकडा लोंबत होता. मग अख्खा गडी बाहेर आला, काठावर क्षणभर तोल सांभाळला आणि थाडकन खाली, साहेबांच्या टेबलावर, हजेरीपत्रकावर पडला. साहेबांच्या दिशेने तिरका चालायला लागला.

साहेब खुर्चीवर कसे चढले ते मला अजून कळलेलं नाही. बसलेला माणूस मधली कुठलीही हालचाल न करता उभा दिसला. तोंडातून फक्त “अहो! अहो! अहो!” एवढंच.

“कुर्ली!” परब ओरडले. ग्लास बाजूला, बाह्या वर. “आवशीक खाव! जिती कुर्ली!”

मागून दुसरा आला, मग तिसरा. आता झडपांत रांग लागली होती. परबांनी पहिला अलगद मागून उचलला, रद्दी कागदांची वेताची टोपली ओढली, त्यात टाकला. मी ट्रे ठेवून दुसऱ्याच्या मागे लागले. आवाज ऐकून युसुफभाई झाकण आणि पातेलं घेऊन दारात आले, आणि दारातच थांबले. एक खेकडा त्यांच्या पायाशी गेला तेव्हा मात्र त्या माणसाने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि झपकन पातेलं त्याच्यावर पालथं घातलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

परबांचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. टोपलीत बघून म्हणाले, “या उन्हात हे इतके तरतरीत ठेवलेत कसे तुम्ही? आमच्याकडे समुद्र दारात असून मेच्या दिवसांत निम्मे मरतात. बाई, बॉयलर राहू दे, आधी हे शिजवा. मग मी आहेच इथे पेटेपर्यंत.” आणि हात धुवायला निघून गेले. युसुफभाई टोपलीवर झाकण दाबून किचनकडे पळाले.

केबिनमध्ये मी आणि साहेब. साहेब अजून खुर्चीवर उभे. पांढरेफटक. मग हळूहळू लाल व्हायला लागले.

“माझ्या कूलरमध्ये? सोनवणे बाई, माझ्या?”

“तुम्ही म्हणालात, दिसता कामा नयेत.”

“युसुफला आजच्या आज घरी पाठवा! आज! परब काही म्हणू देत. किचन बंद! आणि तुमचंही मी बघतो.”

परब राहिले होते, बॉयलर पेटणार होता, आणि तरीही युसुफभाई घरी जाणार? मला संताप आला. पण तेवढ्यात साहेबांचा चेहरा बदलला. काहीतरी आठवल्यासारखा.

“थांबा. म्हणजे परवापासून… ती हवा… मी जी…”

“वाळ्यातून गाळून येत होती साहेब.”

“मी डबा इथेच खाल्ला काल.”

“हो. आणि झोपही छान लागली होती.”

साहेब सावकाश खुर्चीवर बसले, पाय मात्र वरच ठेवून. आवाज एकदम खाली. “आक्कांना कळलं तर…”

“कसं कळेल? परब तर मुंबईला जातील. इथे आम्हा तिघांनाच माहीत आहे. मी, युसुफभाई आणि भास्कर.”

“भास्करलाही?”

“तोही आपलाच माणूस. कंपनीची माणसं कंपनीतलं बाहेर कशाला बोलतील?” मी टेबलावरचं सोपट उचललं, हजेरीपत्रक पुसलं. “कंपनीत आहेत तोवर.”

साहेबांनी हजेरीपत्रक जवळ ओढून सरळ केलं.

“पाहुण्यांची सोय महत्त्वाची,” शेवटी म्हणाले. “किचन आहे तसं राहू द्या.”

“आणि युसुफभाई?”

“आहे तसं म्हटलं ना!”

मी किचनमध्ये जाऊन सांगितलं. युसुफभाई पाठ फिरवून खोबरं भाजत राहिले. खांदे हलत होते. मग म्हणाले, “बाई, मीठ बघा लवकर.” खेकडे मी थोडा वेळ बर्फाच्या चुऱ्यात झाकून ठेवले होते. तसे केले की ते गुंगतात, सुस्त पडतात आणि साफ करताना बोटंही वाचतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, बरोबर ज्वारीची भाकरी. मीठ मी बघितलं. तीनदा बघितलं, गरज नव्हती तरी. परब पहिल्या घासाला म्हणाले, “नारळ कमी पडला.” आणि मग शेवटची नांगी चोखून होईपर्यंत बोललेच नाहीत. भास्करला कबूल केलेलं ताट मिळालं. बॉयलर परबांनी पेटवून दिला आणि वर दोन दिवस उगाच राहिले.

यातून शिकायचं ते असं. खेकडे पाण्यात ठेवू नका. ओलं गोणपाट, सावली, गारवा आणि हवा द्या. मेलेला दिसला तर जिवावर उदार होऊ नका, फेकून द्या. आणि बांधायचे तर सुतळीने बांधा. सोपटाने नाही.

हां, एक राहिलं. त्या दिवशी मी केबिनमधून निघताना साहेबांनी पाय वरच ठेवून विचारलं होतं, “सगळे सापडले ना?”

सगळे सापडले होते. बांधताना मोजले होते तेवढेच टोपलीत भरले होते.

“एक कमी वाटतोय साहेब,” मी म्हटलं. “बघू, निघेल कुठूनतरी.”

त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत वाणी साहेब ऑफिसच्या खुर्चीत मांडी घालून बसले. नवीन लोकांना वाटायचं, काय साधा माणूस आहे. मध्येच कधी त्यांना शाकाहारी किचनची हुक्की आली आणि त्यांनी मला आत बोलावलं, तर मी वाद घालायची नाही. नुसती वाकून टेबलाखाली बघायची.